जुनं पिस्तूल घेताय? आधी सिलिंडर उलटा करून बघा

थोडं लांब लिहितोय, पण ज्यांच्या घरात नेमबाजी करणारं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचलं तर हरकत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीवर, वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. बी-27, डी-28 असं काहीतरी. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने. त्या मुदतीपर्यंत टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. माझी आई सातवी शिकलेली, पण टाकी घेताना ती हे बघते. टाकी आणून देणाऱ्या पोराला दोनदा परत पाठवलंय तिने.

आणि मी, ज्याची बावीस वर्षं उद्यमनगरात लेथवर गेली, ज्याला मायक्रोमीटरशिवाय चैन पडत नाही, त्या मी पंच्याण्णव हजारांचं एअर पिस्तूल घेताना त्याच्या सिलिंडरवरची तारीख बघितली नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ आणलं. 1952 ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक थेट हेच. त्याच्या चार दिवस आधी मनू भाकरचं पदक झालेलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं कोल्हापुरात आधीपासूनच घराघरांत होती. पण त्या महिन्यात रेंजवर जी रांग लागली ती मी तरी आधी कधी बघितली नव्हती. माझी लेक त्याच रांगेतली. तेव्हा तेरा वर्षांची होती.

पहिले सात-आठ महिने रेंजच्या पिस्तुलावर गेले. एका पिस्तुलामागे सहा पोरं. एकाचा हात मोठा, एकीचा लहान, मूठ मात्र सगळ्यांना तीच. मग सर म्हणाले, "पोरीत दम आहे, स्वतःचं घ्या." नवीन परदेशी पिस्तुलाची किंमत विचारली तर दीड-दोन लाखांच्या पुढची भाषा. देशी बनावटीची स्वस्त मिळतात आणि सुरुवातीला ती वाईट नाहीत, हे मला आज कळतंय. तेव्हा सगळे म्हणत होते, एकदाच काय ते चांगलं घ्या.

मग ओळखीतून कळलं, एकाच्या मुलाने खेळ सोडलाय, ऑस्ट्रियन बनावटीचं पिस्तूल द्यायचंय. पतसंस्थेतून साठ हजार काढले, उरलेले घरातले घातले. मी बघायला गेलो तेव्हा माझ्या परीने सगळं तपासलं. नळीत उजेड टाकून बघितलं, साइटचे स्क्रू फिरवून बघितले, ट्रिगर दाबून बघितला, कुठे खेळ आहे का ते बघितलं. माल एक नंबर. विचारलं, "किती वर्षांचं आहे हो?" ते म्हणाले, "पाच वर्षं झाली असतील बघा." विषय संपला. बिल मागितलं तर म्हणाले, शोधून देतो. ते काही सापडलं नाही.

सहा महिन्यांनी पोरीची पहिली मोठी स्पर्धा. स्पर्धेआधी साहित्य तपासणीचं टेबल असतं. तिथे पिस्तूल ठरलेल्या पेटीत बसतंय का, वजन दीड किलोच्या आत आहे का हे बघतात. मग नळी उभी धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लावतात, ते ट्रिगरने उचललं पाहिजे. हे सगळं पास झालं. मग तपासणाऱ्या बाईंनी सिलिंडर हातात घेतला, फिरवला, चष्मा वर केला आणि मला दाखवला. 03/2013.

हवेच्या सिलिंडरचं आयुष्य बनवणारे साधारण दहा वर्षं धरतात. म्हणजे मार्च 2023 ला त्याची मुदत संपलेली होती आणि आम्ही 2025 ला तो आनंदाने भरत होतो. बाई वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा लावून उभं राहता येणार नाही." दुसऱ्या पोरांचे सिलिंडर मागून बघितले, पण कंपनी बदलली की आटे बदलतात, आमच्या पिस्तुलाला एकही बसेना. शेवटी एका मुलाने त्याचं अख्खं पिस्तूल दिलं. त्याच्या हाताच्या मापाची मूठ, आमच्या पोरीची बोटं अर्धी हवेत. रोज 540 च्या आसपास मारणारी पोरगी त्या दिवशी 511 वर थांबली. येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही. मी काय बोलणार होतो?

आता मुद्द्यावर येतो. हे लिहिताना मला रडगाणं गायचं नाही, आणि ज्यांनी पिस्तूल विकलं त्यांना शिव्याही घालायच्या नाहीत. कारण नंतर जे शोधलं त्यातून कळलं की ते खोटं बोललेच नव्हते.

सिलिंडरवरची तारीख ही सिलिंडरची असते, पिस्तुलाची नाही. सिलिंडर बदलले जातात. म्हणून मी पिस्तुलाच्या अंगावरचा अनुक्रमांक घेऊन कंपनीला ईमेल केला. भाचीने इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या. तीन दिवसांत उत्तर आलं, हे पिस्तूल आमच्या कारखान्यातून 2009 ला बाहेर पडलं. म्हणजे ते सोळा वर्षांचं होतं. 2013 चा सिलिंडर त्याचा पहिला नव्हताच. ज्यांच्याकडून मी घेतलं त्यांनी पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतलं होतं, आणि त्या दुसऱ्याने बहुतेक तिसऱ्याकडून. प्रत्येक जण वय मोजत होता ते आपण विकत घेतल्या दिवसापासून! जुन्या मोटारसायकलचं असं कधी होईल का? आरसी बुकात साल छापलेलं असतं, कितीही हात बदलले तरी.

पिस्तुलाला आरसी बुक नाही, तेही कायद्याने नाही. 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, आणि ते बरोबरच आहे. हे दहा मीटरचं पिस्तूल त्या मर्यादेच्या खूप खाली असतं. उलट पॉइंट टू टू चं खरं स्पोर्ट पिस्तूल घ्या. तिथे परवाना, परवान्यावर शस्त्राचा नंबर, आणि एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकायचं तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला 45 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. कुणाकडून कुणाकडे गेलं याचा माग राहतो. एअर पिस्तुलाचा माग कुठेच नाही. परवाना नको ही सवलत झाली, पण सवलतीबरोबर कागदच गायब झाला.

काही जण लगेच म्हणतील, मग परवाना लावा. अजिबात नको. चौदा वर्षांच्या पोरीसाठी मला पोलीस ठाण्याच्या चकरा मारायच्या नाहीत, आणि तसं झालं तर निम्मी पोरं उद्या हा खेळ सोडतील.

सालाच्या खुणांबद्दल जे शिकलो ते इथे सांगून टाकतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. टू टू चं जर्मन पिस्तूल असेल, जुनं वॉल्थर वगैरे, तर त्याच्या धातूवर चाचणीगृहाचा शिक्का असतो. उल्म गावच्या चाचणीगृहाचा शिक्का हरणाच्या शिंगाचा. त्याच्याजवळ दोन अक्षरं असतात, तेच साल. ए म्हणजे शून्य, बी एक, सी दोन, डी तीन, ई चार, एफ पाच, जी सहा, एच सात, आय आठ, आणि जे सोडून के म्हणजे नऊ. आय-सी असेल तर 1982, के-एच असेल तर 1997, ए-डी असेल तर 2003. आमच्या उद्यमनगरातले जुने व्यापारी बिलावर खरेदीचा भाव अक्षरांत लिहायचे ना, तसाच प्रकार. इटालियन पिस्तुलांवरही सालाची खूण असते, आधी रोमन आकडे होते, नंतर छोट्या चौकटीत दोन अक्षरं आली. पण हे सगळं दारूच्या काडतुसाच्या शस्त्रांचं. एअर पिस्तुलाला ही चाचणी नसते. जर्मन एअर पिस्तुलावर पंचकोनात एफ अक्षर दिसतं, त्याला बरेच जण सालाचा शिक्का समजतात. मलाही एकाने छातीठोकपणे तेच सांगितलं होतं. त्या एफ चा अर्थ एवढाच की ताकद साडेसात ज्यूलच्या आत आहे. सालाशी त्याचा काही संबंध नाही. आणि पिस्तूल मुळात कार्बन डायऑक्साइडवर चालणारं निघालं तर समजा ते चांगलंच जुनं आहे, कारण नव्वदच्या दशकात बहुतेक कंपन्या दाबाच्या हवेवर गेल्या.

एअर पिस्तुलाचं खरं वय कळायचा भरवशाचा मार्ग एकच, अनुक्रमांक कंपनीला पाठवून विचारणं. फुकट आहे. पैसे देण्याआधी करा. विकणारा नंबरचा फोटो द्यायला कुरकुर करत असेल तर तिथूनच परत या.

आता गंमत ऐका. पिस्तूल सोळा वर्षांचं निघालं आणि तरीही ते वाईट नाही. माहीतगाराकडून उघडून घेतलं. रबराच्या ओ-रिंग कडक झाल्या होत्या, त्या बदलल्या. रेग्युलेटर साफ केला. आता एकापाठोपाठ एक छर्रा जवळपास सारख्याच वेगाने जातो. नळी तर म्हातारी झालेलीच नाही, शिशाच्या छर्‍याने पोलादाची नळी किती झिजणार? म्हणजे जुनं घेणं हा मूर्खपणा नाही. गरिबाच्या पोराला हाच रस्ता आहे आणि तो चांगला रस्ता आहे. फक्त साल माहीत असतं तर मी पंच्याण्णव दिले नसते, सत्तर दिले असते, आणि उरलेल्या पैशांत पहिल्याच दिवशी नवा सिलिंडर घेतला असता. पोरीची स्पर्धा गेली नसती.

सिलिंडरचं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. तो 200 बारला भरतात. आपल्या मोटारीच्या चाकात हवा असते सव्वादोन बारच्या आसपास. नव्वदपट दाब, आणि तो सिलिंडर पिस्तुलाच्या नळीखाली, पोरीच्या मनगटाच्या पुढे वीतभर अंतरावर. भरताना तर तो हातातच असतो. "अहो, युरोपचा माल आहे, दहा वर्षं काय, वीस वर्षं काही होत नाही, कंपन्यांना नवे खपवायचे असतात," हे मला निदान चार जणांनी ऐकवलंय. त्यांना लेथवाला म्हणून सांगतो. यातले बरेच सिलिंडर ॲल्युमिनियमचे असतात. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहन करतं. ॲल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. प्रत्येक भरणं आणि प्रत्येक रिकामं होणं त्याच्या हिशोबात जमा होत जातं. त्यात आपल्याकडे हातपंपाने भरायची पद्धत. पावसाळ्यातली कोल्हापूरची हवा पंपाने दाबून आत घातली की तिच्यातलं पाणीही आत जातं. बाहेरून चकचकीत सिलिंडर आतून कसा आहे ते कुणी बघितलंय? मीही बघितलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, सिलिंडर मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची. मोठ्या खेळाडूंसाठी ठीक आहे. पण माझ्या लेकीचं वय आता चौदा आहे. तिने पिस्तूल निवडलं नाही, पैसे दिले नाहीत, सिलिंडर भरला नाही. ते सगळं आम्ही मोठ्यांनी केलं, आणि टेबलावर मान खाली घालून ती उभी राहिली. त्या सिलिंडरवर मधल्या अडीच वर्षांत किती जणांची नजर पडली असेल? आधीचा मालक, मध्यस्थ, रेंजवर पंप चालवणारा, सर आणि मी. तारीख वाचणारी पहिली व्यक्ती त्या टेबलावरच्या बाई निघाल्या, आणि तेव्हा उशीर झाला होता.

साधन ऐन वेळी दगा देतं तेव्हा काय होतं हे आपण टीव्हीवर बघितलंय. 2021 ला टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर बिघडला. दुरुस्तीत बराच वेळ गेला, आणि 575 वर ती बाराव्या नंबरला राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी तिने त्याची भरपाई केली, मान्य. पण तिच्या मागे देशाची यंत्रणा होती. आमच्याकडे दुरुस्तीला माणूस शोधायचा तर पुणे-मुंबई गाठायची, आणि नवा सिलिंडर मागवायचा तर कुणीतरी आयातवाला कधी माल आणतोय त्याची वाट बघत बसायचं. आमचा यायला सव्वादोन महिने लागले.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. पहिली गोष्ट पंपाजवळ करायची, तिला शून्य रुपये लागतात. जिथे जिथे सिलिंडर भरला जातो, सरकारी संकुलात किंवा खासगी रेंजवर, तिथे भरणाऱ्याने तारीख बघायची. मुदत संपली असेल तर भरायचा नाही. गॅसची जुनी टाकी आई परत पाठवते तसं. यासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं एक पानी पत्रक पुरे, जीआर काढायचीसुद्धा गरज नाही.

दुसरं, संघटनांनी नोंदवही ठेवावी. खेळाडू नोंदणीचा फॉर्म आपण दरवर्षी भरतोच, आधार, जन्मदाखला, फोटो सगळं देतो. त्यात दोन रकाने वाढवा, पिस्तुलाचा अनुक्रमांक आणि सिलिंडरची मुदत. पोरांचं वय चोरलं जातं म्हणून जन्मदाखला मागता ना? मग पिस्तुलाचाही मागा. पिस्तूल विकलं गेलं की नोंद पुढच्या खेळाडूच्या नावावर जाईल. तिसऱ्या हातातून चौथ्या हातात जाताना खरं साल बरोबर जाईल. चोरीचं पिस्तूल विकणं अवघड होईल तो वेगळाच फायदा.

आणि जी खरी गोष्ट आहे ती पैशाची आहे, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पदक आलं की सत्काराचे फलक लागतात, बक्षिसं जाहीर होतात. त्याला माझा विरोध नाही, त्या पोरांनी कमावलंय ते. पण एका फलकाच्या खर्चात एक सिलिंडर येतो हो! विभागीय क्रीडा संकुलांत लहान मापाच्या मुठींची दहा-दहा पिस्तुलं ठेवा, मुदतीतल्या सिलिंडरांसकट, आणि होतकरू पोरांना वर्षभरासाठी वापरायला द्या. वर्षाने परत घ्या, पुढच्याला द्या. खेळ टिकतोय की नाही हे बापाला कळायच्या आधी त्याने पतसंस्थेत अंगठा द्यायची वेळ का यावी? ज्या माणसाच्या मुलाने खेळ सोडला म्हणून मला ते पिस्तूल मिळालं, त्यानेही कर्जच काढलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याच्याही आधीच्याने काढलं असेल. एकाच पिस्तुलावर तीन घरांची कर्जं.

कुणी म्हणेल, नोंदवह्या ठेवायला माणसं कुठे आहेत. खरंय, संघटनेचं काम करणारे बहुतेक लोक नोकरी सांभाळून, पदरमोड करून करतात, त्यांच्यावर अजून एक वही टाकतोय याची मला जाणीव आहे. म्हणून आमच्या रेंजपुरती ती वही मीच सुरू केलीय. शंभर पानी, रेघांची. तीन रविवारांत एकतीस सिलिंडर बघून झाले. मुदत संपलेले नऊ निघाले. दोघांवर तारीखच वाचता येत नाही, घासली गेलीय की घासलीय देव जाणे. नऊपैकी पाच पालकांनी त्याच दिवशी हवा सोडून सिलिंडर बाजूला काढले. दोघे माझ्यावर चिडले. उरलेले दोघे म्हणतात बघू. त्यांची पोरं परवाही त्याच सिलिंडरवर सराव करत होती आणि मी शेजारच्या लेनमागे बाकावर बसून होतो. पंपवाल्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, "काका, मला वरून लेखी आणून द्या, मी उद्यापासून बंद करतो." त्याचं काही चुकलं नाही.

ते लेखी मिळावं म्हणून अर्ज दिलाय, पोच घेतलीय, पाच आठवडे झाले. आमचा जुना सिलिंडर हवा सोडून आटे कापून टाकलाय, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या पिस्तुलाला लागणार नाही. पोरीची पुढची स्पर्धा महिन्यावर आली आहे, पिस्तूल तेच आहे.

तुमच्या घरात असा सिलिंडर असेल तर आज रात्री काढून बघा. तारीख अंगावर कोरलेली किंवा छापलेली असते, बारीक असते, बॅटरीच्या उजेडात बघा. आणि इथे खाली फक्त महिना आणि साल लिहा, नाव-गाव नको. अर्जाला जोडायला मला आकडा हवा आहे.